बांधकाम क्षेत्रातील शिकाऊ उमेदवारी : पात्रता, कागदपत्रे, करार आणि पुढील शिक्षण

बांधकामाच्या साइटवर अनेक वर्षे राबूनही कौशल्याचा सरकारमान्य पुरावा हाती नसलेले असंख्य तरुण आपल्याकडे आहेत. काम तेच, मेहनतही तीच. मात्र शिकाऊ उमेदवारी कायदा, १९६१ नुसार करार नोंदवून केलेल्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र मिळते आणि ठेकेदाराकडे तोंडी बोलीवर केलेल्या कामाचे मिळत नाही. म्हणूनच कामाला लागण्यापूर्वी ही प्रक्रिया नीट समजून घ्यावी.

उमेदवाराचे वय किमान १४ वर्षे, तर धोकादायक उद्योगांशी संबंधित व्यवसायांसाठी (ट्रेडसाठी) किमान १८ वर्षे असावे लागते. शैक्षणिक अट व्यवसायानुसार बदलते. गवंडी, नळ कारागीर, सुतारकाम, वीजतंत्री, संधाता (वेल्डर), आरेखक (स्थापत्य, म्हणजे सिव्हिल ड्राफ्ट्समन) अशा व्यवसायांत आयटीआय उत्तीर्ण उमेदवारांना मूलभूत प्रशिक्षण पुन्हा घ्यावे लागत नाही. नव्याने येणाऱ्यांना ते प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षणाआधी किंवा त्याच्या जोडीने पूर्ण करावे लागते. ३० किंवा त्याहून अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक असल्याने मोठ्या बांधकाम कंपन्यांकडे आधी चौकशी करावी.

नोंदणी केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर होते. त्यासाठी आधार कार्ड, आधारशी जोडलेले बँक खाते, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, आयटीआय झाले असल्यास त्याचे प्रमाणपत्र, छायाचित्र, चालू मोबाइल क्रमांक व ईमेल आणि लागू असल्यास जातीचा किंवा दिव्यांगत्वाचा दाखला तयार ठेवावा. आधार, दाखला आणि बँक खाते यांवरील नाव व जन्मतारीख तंतोतंत जुळते का, हे अर्जापूर्वीच तपासावे.

निवड झाल्यावर आस्थापना व उमेदवार यांच्यात करार होतो. उमेदवार अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालील असल्यास पालक स्वाक्षरी करतात. करार पोर्टलवर नोंदवला गेल्याची खात्री उमेदवाराने स्वतः करून घ्यावी आणि त्याची प्रत मागून घ्यावी, कारण अंतिम परीक्षा, प्रमाणपत्र आणि विद्यावेतन हे सारे त्या नोंदीवरच अवलंबून असते. किमान विद्यावेतन शैक्षणिक पात्रतेनुसार ठरते व दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी वाढते. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत त्यातील २५ टक्के, कमाल १,५०० रुपये दरमहा, सरकार थेट उमेदवाराच्या खात्यात जमा करते. कायद्याच्या दृष्टीने उमेदवार हा कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी असतो. त्यामुळे शिकाऊ उमेदवारी सल्लागार या सरकारी अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय त्याला जादा वेळ काम करायला लावता येत नाही, आणि प्रशिक्षणादरम्यान अपघाती इजा झाल्यास तो नुकसानभरपाईस पात्र ठरतो. मात्र करारात तशी अट नसेल, तर प्रशिक्षणानंतर नोकरी देण्याचे बंधन आस्थापनेवर नसते. तक्रार असल्यास जिल्ह्यातील मूलभूत प्रशिक्षण तथा अनुषंगिक सूचना केंद्राशी संपर्क साधावा.

नेमून दिलेल्या व्यवसायातील प्रशिक्षण संपवून अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. त्याच्या आधारे एक वर्षाचा शिल्प निदेशक प्रशिक्षण अभ्यासक्रम करून आयटीआयमध्ये निदेशक (इन्स्ट्रक्टर) होण्याची वाट खुली होते. अभियांत्रिकीकडे जाण्याचा विचार असेल, तर व्यवसाय निवडतानाच एक गोष्ट लक्षात घ्यावी : महाराष्ट्रात दहावीनंतर दोन वर्षांचा संबंधित आयटीआय अभ्यासक्रम केलेल्यांना पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षासाठी अर्ज करता येतो. वीजतंत्री व आरेखक (स्थापत्य) हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे आहेत, तर गवंडी व नळ कारागीर एकेका वर्षाचे असल्याने त्या उमेदवारांना दहावीच्या गुणांवर पदविकेच्या पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागते.