टिफ्टन माती म्हणजे नुसती वाळू नव्हे

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या किनारी मैदानावरची टिफ्टन माती म्हणजे निव्वळ वाळू, ती पाणी धरतच नाही, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे साफ चूक आहे. वाळूसर आहे तो फक्त वरचा, साधारण 25 ते 30 सेंटिमीटरचा थर. हातात घेतला तर भुरभुरीत, मधेमधे लोहाचे कडक, गोलसर खडे. त्याखाली पिवळसर तपकिरी, चिकणमाती मिसळलेला थर लागतो आणि ओल टिकते ती तिथेच. निचरा चांगला, म्हणून मुळं गुदमरत नाहीत. भुईमुगाच्या आऱ्या (फुलानंतर खाली वाढणारे, टोकाला शेंग धरणारे देठ) तर वरच्या सैल मातीत सहज शिरतात, काढणीला शेंगाही कमी तुटतात. कापूस, मकाही चांगला येतो. खरी उणीव वेगळीच: माती आम्लधर्मी, अन्नद्रव्यं कमी. चुना आणि खत मात्र वेळच्या वेळी द्यावंच लागतं.