टोमॅटोचा मर रोग: औषधाच्या आधीची गोष्ट

कुंडीतलं झाड सकाळी टवटवीत, दुपारी मान टाकलेली, पाणी घातलं तरी उठत नाही आणि चार-पाच दिवसांत हिरवंच्या हिरवं सुकून जातं, मग घाबरून आपण बुरशीनाशक ओततो. पण असं हिरवंच सुकलं तर बहुतेक वेळा ती बुरशी नसतेच, बॅक्टेरिया असतो! खात्री करायचीय तर बुंध्याजवळचं खोड कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरा, थोड्या वेळात कापातून दुधासारखे पांढरे धागे खाली उतरताना दिसतात.

हा बॅक्टेरिया १८९६ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या अर्विन स्मिथ यांनी नोंदवला (आज त्याला राल्स्टोनिया म्हणतात). तेव्हा बॅक्टेरियामुळे झाडाला रोग होतो हेच काही जर्मन शास्त्रज्ञांना मान्य नव्हतं, त्यावर वर्षानुवर्षं वाद चालला.

मर आणणारी फ्युजेरियम ही बुरशी वेगळी, तिच्यात खालची पानं आधी पिवळी पडतात, कधी कधी तर झाडाच्या एकाच बाजूची, आणि खोड उभं चिरलं की आत तपकिरी रेघ दिसते. तिच्यावर खरा उपाय औषधाच्या दुकानात नाही तर दक्षिण अमेरिकेतल्या मनुक्याएवढ्या फळाच्या रानटी टोमॅटोत सापडला, १९४० च्या सुमाराला त्याची रोगप्रतिकारशक्ती संकरातून आपल्या टोमॅटोत आणली. बियांच्या काही पाकिटांवर ‘एफ’ अक्षर असतं ना (संकरित बियाण्याचं ‘एफ-१’ नव्हे), ते याचंच.

१९७६ मध्ये इस्राएलचे शास्त्रज्ञ काटान यांनी ओल्या मातीवर पारदर्शक प्लास्टिक अंथरून नुसत्या उन्हानं बुरशी मारून दाखवली. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात हे गच्चीवरही जमतं, पण बॅक्टेरियावर याचा तेवढा भरवसा धरू नका.

बॅक्टेरियाचा जोर कोकण-गोव्याच्या दमट हवेत आणि आंबट लाल मातीत फार, वांगी-मिरचीही सुटत नाहीत, म्हणून वांग्याच्या जागी टोमॅटो लावणं म्हणजे त्याला आयतं जेवण. बेंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेचा ‘अर्का रक्षक’ हा संकरित वाण या मर रोगाला बराच दाद देत नाही. दुसरा रस्ता तैवानच्या जागतिक भाजीपाला केंद्रानं लोकांपर्यंत नेला, मर न लागणाऱ्या वांग्याच्या मुळावर टोमॅटोचं कलम, आणि आंब्याची कलमं बांधणाऱ्या आपल्या लोकांना ते काय अवघड आहे! फक्त जोड मातीच्या वर राहू द्या, तो पुरला गेला तर टोमॅटोला स्वतःची मुळं फुटतात आणि रोग तिथूनच आत शिरतो.