जुन्या लष्करी गाड्यांचा मूळ रंग जुळवणं

जुनी लष्करी गाडी रिस्टोअर करताना ती कारखान्यातून निघाली तेव्हा अंगावर जो रंग होता तो शोधून काढायचा आणि तोच पुन्हा बनवायचा, याला या नादातले लोक 'शेड काढणं' किंवा 'शेड मॅच करणं' म्हणतात. दुकानातून मिलिटरी ग्रीनचा डबा आणला की झालं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण मिलिटरी ग्रीन नावाचा एकच रंग कधी नव्हताच. देश बदलला, साल बदललं, कधी तर नुसती रंगाची बॅच बदलली की हिरवा बदलायचा.

सगळ्यात जास्त भांडणं होतात ती दुसऱ्या महायुद्धातल्या जीपवरून. विलीज एमबी आणि तिची जुळी बहीण फोर्ड जीपीडब्ल्यू, १९४१ ते १९४५ या काळात दोन्ही मिळून ६ लाखांच्या वर बनल्या आणि त्यांचा रंग होता बिनचकाकीचा ऑलिव्ह ड्रॅब, शेड नंबर ९. या रंगाचा पाया म्हणजे पिवडी आणि काळा. पिवडीत, म्हणजे मातकट पिवळ्यात, काळा मिसळत गेलं की तो डोळ्याला हिरवट दिसायला लागतो, घरी पोस्टर कलर घेऊन करून बघा, लगेच कळतं. म्हणूनच खरा युद्धकाळातला ऑलिव्ह ड्रॅब आजच्या मिलिटरी ग्रीनपेक्षा बराच मातकट, तपकिरीकडे झुकणारा असतो आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला तो चुकीचाच वाटतो.

नंबरांवर भरवसा ठेवताना जपून. अमेरिकेचं फेडरल स्टँडर्ड ५९५ हे शेड कार्ड १९५६ चं, म्हणजे युद्ध संपून ११ वर्षं झाल्यावरचं. त्यातले नंबर पाच आकडी असतात, पहिला आकडा चकाकी सांगतो (१ ग्लॉस, २ सेमी ग्लॉस, ३ मॅट) आणि दुसरा रंगाचं घराणं. युद्धातल्या जीपसाठी बरेच जण ३३०७० जवळचा मानतात, आणि त्यातला दुसरा ३ म्हणजे पिवळ्याचं घराणं, हिरव्याचं नाही! त्याच्या जोडीला ३४०८७ हा नंबरही सर्रास सांगितला जातो, पण कार्डाच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत या एकाच नंबरखाली वेगवेगळी शेड आहे, त्यामुळे कोणत्या आवृत्तीचा ३४०८७ हे न विचारता रंग बनवून घेतला तर पैसे गेलेच समजा.

ब्रिटिश गाड्यांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांच्याकडे १९४२ च्या सुमाराला हिरव्यासाठी लागणाऱ्या क्रोमियम ऑक्साईडची टंचाई झाली म्हणून गाड्या एससीसी २ (एससीसी म्हणजे ब्रिटिश लष्कराच्या ठरावीक रंगांचा नंबर) या तपकिरी रंगात आल्या, मग १९४४ मध्ये एससीसी १५ हा ऑलिव्ह ड्रॅब आणला, कारण अमेरिकेतून येणाऱ्या गाड्या परत रंगवत बसायला नकोत. जर्मनांनी फेब्रुवारी १९४३ मध्ये करडा सोडून गडद पिवळा हा मूळ रंग केला आणि वरचे हिरवे-तपकिरी पट्टे मारायला युनिटला घट्ट पेस्ट दिली, ती पेट्रोलमध्ये नाहीतर चक्क पाण्यात पातळ करून मारायची. आता पातळ किती केली त्यावर शेड ठरणार, मग अशा गाडीचा एकच बरोबर रंग कुठून सांगायचा?

म्हणून माझं ठाम मत आहे की पहिला पुरावा गाडीचा स्वतःचा पत्रा, कार्ड नंतर. ऊन आणि पाऊस न लागलेल्या जागा शोधायच्या: डॅशबोर्डवरच्या माहितीच्या पट्टीमागे, ग्लोव्ह बॉक्सच्या आत, सीटखालच्या टाकीच्या खोबणीत, ब्रॅकेट नटबोल्टने दाबून बसलेलं असतं तिथे. तिथे रुपयाच्या नाण्याएवढी जागा घ्यायची आणि ६०० चा वॉटर पेपर (ओला करून घासायचा पॉलिश पेपर, नंबर वाढेल तसा बारीक) पाण्यात भिजवून अगदी हलक्या हाताने गोल गोल फिरवायचा, मग १००० आणि शेवटी २०००. हळूहळू झाडाच्या खोडासारखी वर्तुळं उमटतात, बाहेर कुणीतरी हौसेने मारलेला निळा नाहीतर पांढरा, त्याच्या आत सैन्याचा नंतरचा चकचकीत हिरवा, कधी दोन-तीनदा मारलेला, मग तो मातकट ऑलिव्ह, मग प्रायमर आणि मधोमध उघडा पत्रा. प्रायमरला लागून जो थर बसलाय तो कारखान्याचा. घाई केली, खरखरीत पेपर लावला तर तो थर दोन मिनिटांत उडून जातो आणि परत मिळत नाही. आणि हो, जुन्या रंगात शिसं आणि क्रोमेट असतात, कोरडं घासून धूळ उडवू नका, ओलंच घासा, मास्क लावा.

एवढं करूनही सापडलेला थर जसाच्या तसा धरायचा नाही. जुने रंग जवसाच्या तेलावर किंवा तसल्याच अल्किडवर (तेलापासून बनवलेल्या कृत्रिम राळेवर) बनायचे आणि असं तेल अंधारात राहिलं की पिवळं पडतं, म्हणजे पट्टीमागची शेड मूळ रंगापेक्षा पिवळट दिसू शकते. उघडल्यावर काही दिवस उजेड मिळाला की हा पिवळेपणा बराच उतरतो, म्हणून लगेच डबा बनवायला धावू नये. याउलट बॉनेटवरचा रंग उन्हाने खडूसारखा पांढरट झालेला असतो, त्याला जरा पॉलिश केलं की खालचा रंग दिसतो.

हल्ली पेंटच्या दुकानात स्पेक्ट्रोफोटोमीटर असतो, तो शेड मोजून आकडे देतो. दोन शेडमधला फरक, ज्याला डेल्टा ई म्हणतात, तो १ च्या आसपास आला की साध्या डोळ्याला तो जेमतेम कळतो. पण मशीनला खवले आणि ओरखडे कळत नाहीत, तेव्हा नमुना सपाट आणि स्वच्छ हवा. बनवलेला रंग आधी पत्र्याच्या तुकड्यावर मारून पूर्ण वाळू द्यायचा आणि मग सकाळच्या उजेडात गाडीशेजारी धरायचा. गॅरेजमधल्या ट्यूबलाईटखाली जुळलेली शेड बाहेर आणली की कधी कधी साफ वेगळी दिसते, कारण रंगद्रव्यं वेगळी असली की प्रकाश बदलताच दोन्ही रंग आपापल्या वाटेने जातात. चकाकीही तेवढीच महत्त्वाची, तीच शेड ग्लॉसमध्ये गडद आणि मॅटमध्ये फिकी दिसते.

आपल्याकडे हा विषय जवळचा आहे कारण महिंद्राने १९४७ पासून मुंबईत विलीजच्या जीप जोडायला घेतल्या आणि जुन्या जीप जिवापाड जपणारे लोक महाराष्ट्रात भरपूर आहेत. अहिल्यानगरचं, म्हणजे आधीच्या अहमदनगरचं, १९९४ साली सुरू झालेलं कॅव्हलरी टँक म्युझियम बघण्यासारखं आहेच, पण म्युझियममध्ये उघड्यावर उभ्या गाड्या सहसा नंतर रंगवलेल्या असतात, तिथल्या फोटोवरून शेड काढू नये. आणि कायद्याचं बघून घ्या, केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १२१ प्रमाणे संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कुठल्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही, आरसी बुकातही रंगाची नोंद असते, त्यामुळे रस्त्यावर चालवायची गाडी असेल तर रंगाच्या आधी आरटीओत विचारलेलं बरं.

शेवटचा कोट मारायच्या आधी ग्लोव्ह बॉक्सच्या आत मूळ रंगाचा चार बोटं रुंद तुकडा मास्किंग टेप लावून तसाच सोडावा, त्यावर काहीही मारू नये, वीस वर्षांनी पुढच्या मालकाला शेड काढायची वेळ आली तर त्याला तिथूनच सुरुवात करता येईल.