म्हातारपणातलं पडणं आणि तोलाचे व्यायाम

साधारण ६५ च्या पुढच्या माणसांनी पायांतली ताकद आणि अंगाचा तोल टिकवायला घरच्या घरी, खुर्ची नाहीतर ओट्याचा आधार घेऊन करायचे जे साधे व्यायाम असतात त्यांना तोलाचे व्यायाम म्हणतात. पडणं कमी करायच्या जेवढ्या उपायांची आजवर नीट तपासणी झाली त्यात सगळ्यात भरवशाचा ठरलेला हाच, तरी बहुतेक वेळा तो सुरू होतो खुब्याचं हाड मोडल्यानंतर. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत 'पडणं' म्हणजे माणूस इच्छा नसताना जमिनीवर किंवा आधीपेक्षा खालच्या जागी येऊन टेकणं, मग लागलेलं असो वा नसो. हे 'लागलेलं नसो' फार महत्त्वाचं आहे, कारण न लागता झालेलं पडणं कुणी कुणाला सांगतच नाही, आणि एकदा पडलेला माणूस पुन्हा पडायची शक्यता न पडलेल्यापेक्षा बरीच जास्त असते, त्यामुळे ते पहिलं सांगितलं गेलं तर पुढचं टाळता येतं.

६५ च्या वरची २८ ते ३५ टक्के माणसं दरवर्षी एकदा तरी पडतात, सत्तरीनंतर हेच ३२ ते ४२ टक्क्यांवर जातं. जगभरात दरवर्षी अंदाजे ६ लाख ८४ हजार माणसं पडून दगावतात, अपघाती मृत्यूंमध्ये रस्त्यावरच्या अपघातांच्या खालोखाल पडण्याचाच नंबर, आणि दगावणाऱ्यांत सगळ्यात जास्त साठीच्या पुढचे. म्हातारपणी खुब्याचं हाड मोडतं तेही जवळजवळ नेहमी पडूनच.

तोल जातो तेव्हा नेमकं काय होतं

तोल हे एकट्या पायांचं काम नाही. डोळे, आतल्या कानातलं तोलाचं इंद्रिय आणि तळपाय-घोटे-गुडघ्यांतून येणारी जाणीव, या तीन ठिकाणांहून अंग कुठे झुकलंय याची खबर मेंदूला सतत जात असते आणि मेंदू त्याप्रमाणे स्नायूंना कामाला लावतो. थोडंसं झुकलं तर माणूस घोट्यातूनच सावरतो, जास्त झुकलं तर कमरेतून, आणि त्याहून जास्त झालं तर पटकन एक पाऊल टाकावं लागतं. वय वाढतं तशा या तिन्ही खबरी मंद होतात हे खरं, पण घात होतो तो त्या पटकन टाकायच्या पावलात, कारण स्नायूंमधले झटकन आवळणारे तंतू वयाबरोबर जास्त बारीक होतात. ठेच तरुणालाही लागतेच की, तो दोन पावलं धडपडतो आणि उभा राहतो, म्हाताऱ्या माणसाचं तेच पाऊल क्षणभर उशिरा पडतं आणि तेवढ्यात तो खाली आलेला असतो. वयाबरोबर स्नायू आणि त्यांची ताकद कमी होत जाण्याला सार्कोपेनिया म्हणतात, हा शब्द अमेरिकी संशोधक अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी सुचवला.

लोकांना वाटतं की पडणं म्हणजे घसरणं नाहीतर अडखळणं. कॅनडात वृद्धनिवासांतल्या कॅमेऱ्यांनी टिपलेली २२७ पडणी एकेक करून बघितली गेली आणि तो अभ्यास २०१३ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला, त्यात सगळ्यात मोठं कारण निघालं अंगाचा भार चुकीचा टाकणं, तब्बल ४१ टक्के, आणि अडखळून पडणं साधारण २१ टक्के. म्हणजे वळताना, उभं राहताना, काहीतरी घ्यायला हात लांबवताना भार एका पायावरून दुसऱ्या पायावर नीट गेला नाही की माणूस पडतो, तिथे गालिचाही नसतो आणि ओली फरशीही नसते. घरातल्या सटरफटर वायरी उचलणं, बाथरूममध्ये पकडायला दांडा लावणं, रात्रीचा दिवा ठेवणं हे सगळं करायचंच, पण तेवढ्याने काम झालं असं समजायचं नाही, भार टाकणं हे शरीराला पुन्हा शिकवावं लागतं.

आणखी एक खूण. चालता चालता कुणी बोलायला लागलं की जो म्हातारा माणूस आधी थांबतो आणि मग उत्तर देतो, तो पुढे पडायची शक्यता जास्त असते असं १९९७ सालच्या एका स्वीडिश अभ्यासात दिसलं होतं. चालणं आपोआप होत नाहीये, त्यातच सगळं लक्ष लागतंय, असा त्याचा अर्थ, आणि हे बघायला कुठलं मशीन लागत नाही.

बसवून ठेवणं

एकदा पडलं की भीती बसते आणि भीतीने माणूस चालणं कमी करतो, चालणं कमी झालं की पाय अजून कमजोर होतात आणि पडायचा धोका आणखी वाढतो. घरचेही प्रेमापोटीच सांगतात, उठू नका, मी आणून देतो, बसा तुम्ही. यात वाईट हेतू कुणाचाच नसतो पण नुकसान खरंखुरं होतं. २००७ साली छापलेल्या एका प्रयोगात चांगल्या तब्येतीच्या १२ वयस्कर माणसांना १० दिवस अंथरुणात झोपवून ठेवलं तर तेवढ्यात त्यांच्या पायांतला जवळपास १ किलो स्नायूंचा भाग गेला, दहाच दिवसांत! पाण्याचा ग्लास स्वतः उठून घेणं हाही त्या माणसाचा व्यायामच असतो, तो काढून घ्यायचा नाही, हवं तर शेजारी उभं राहायचं.

उलट दिशेनेही तसंच आहे आणि तो भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. १९९० मध्ये मारिया फियातारोने आणि सहकाऱ्यांनी नव्वदीच्या आसपासच्या अगदी थकलेल्या दहा माणसांकडून ८ आठवडे पायांचा वजनी व्यायाम करून घेतला, ज्यांनी तो पूर्ण केला त्यांची पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. म्हणजे आधीच्या अडीचपट आणि वर थोडी. आता या वयात काय होणार हे वाक्य त्यानंतर तरी कुणी म्हणू नये.

व्यायाम

सगळ्यात आधी खुर्चीतून उठबस. खुर्ची हलणारी नको, चाकांची तर नकोच, पाठ भिंतीला लावून ठेवायची. पुढे सरकून कडेला बसायचं, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे, अंग पुढे झुकवायचं (नाक पायाच्या बोटांच्या वर आलं पाहिजे) आणि पायांवर जोर देऊन उभं राहायचं, मग सावकाश, मनात तीन आकडे मोजत खाली बसायचं. बसताना धपकन अंग टाकून देणं ही सगळ्यांची सवय असते आणि अर्धा फायदा तिथेच जातो, कारण खाली येताना स्वतःला धरून ठेवायची जी ताकद आहे तीच जिना उतरताना लागते. सुरुवातीला हातांनी खुर्चीचे हात धरून, मग एकच हात, मग हात छातीशी घडी करून. पाच वेळा जमलं तरी सुरुवात म्हणून चांगलं, हळूहळू दहावर न्यायचं. एकच व्यायाम करणार असेल कुणी तर हा करावा.

दुसरा टाचा उचलणं, ओटा धरून उभं राहून चवड्यांवर यायचं आणि हळू खाली, आणि त्याचाच उलटा म्हणजे टाचांवर भार देऊन पायाची बोटं वर उचलायची, हा दुसरा भाग लोक सोडून देतात पण चालताना पाऊल जमिनीला घासू नये म्हणून नडगीचे स्नायू लागतात ते यानेच तयार होतात. पाय बाजूला उचलणं कमरेच्या बाजूच्या स्नायूंसाठी, आणि बाजूने पडणं हे खुब्यासाठी सगळ्यात वाईट असल्याने तेही करायचं, दोन्ही दिशांनी आडवं चालणंही.

मग खुद्द तोल. यात पायऱ्या आहेत, आधी दोन्ही पावलं जुळवून उभं राहणं, मग एक पाऊल अर्धं पुढे, मग एकाच्या बोटांना दुसऱ्याची टाच लावून एका रेषेत, आणि शेवटी एका पायावर. प्रत्येक ठिकाणी १० सेकंद स्थिर राहता आलं की पुढची पायरी. आधार पण असाच कमी करायचा, दोन हात, एक हात, एक बोट, मग हात ओट्याच्या वर फक्त तरंगता. इथे मुद्दा असा की व्यायामात थोडं डगमगलं पाहिजे, अजिबात न डगमगता जे होतं त्याने तोल सुधारत नाही आणि पडायला झालं तर ते जास्त झालं, या दोन्हींच्या मधली जागा शोधायची, आणि कायम कोपऱ्यात किंवा ओट्यापाशी उभं राहायचं म्हणजे पकडायला काहीतरी हाताशी असतं. डोळे मिटून करायचं असेल तर एकट्याने करू नका.

नुसतं चालणं? चालणं हृदयाला, श्वासाला, मनाला उत्तम आहे आणि सोडायचं नाही, पण पडणं टाळायचं म्हणून फक्त चालणंच लावलं तर त्याने पडणं कमी होतं असा पुरावा भक्कम नाही, आणि ज्यांचा तोल आधीच गेलाय त्यांना भरभर चालायला लावणं तर धोक्याचं. सकाळी तासभर चालून येतो, मला कशाला व्यायाम, असं म्हणणाऱ्यांनी हा मुद्दा दोनदा वाचावा.

नावाजलेल्या पद्धती

न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात १९९० च्या दशकात जॉन कॅम्पबेल, क्लेअर रॉबर्टसन आणि सहकाऱ्यांनी तयार केलेला ओटागो कार्यक्रम यात सगळ्यात प्रसिद्ध, फिजिओथेरपिस्ट किंवा शिकवलेली नर्स घरी येऊन व्यायाम ठरवून देते, घोट्याला वजनाचे पट्टे बांधून ताकदीचे आणि त्याबरोबर तोलाचे, आठवड्यातून तीनदा अर्धा अर्धा तास, शिवाय चालणं. त्याच्या चार चाचण्या एकत्र करून बघितल्यावर पडणं ३५ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं.

सिडनीच्या संशोधक लिंडी क्लेमसन यांनी वेगळाच विचार केला. ज्यांना व्यायामाला वेगळा वेळ काढायचा कंटाळा त्यांनी तो कामातच घालायचा, दात घासताना एका पायावर नाहीतर पावलं एका रेषेत ठेवून उभं राहा, खालच्या कप्प्यातलं काढताना कमरेतून न वाकता गुडघे वाकवा, पॅसेजमधून आडवं चाला. २०१२ मध्ये आलेल्या चाचणीत सत्तरीच्या पुढच्या, आधी पडलेल्या ३१७ जणांत या पद्धतीने पडणं ३१ टक्क्यांनी कमी झालं. मला ही पद्धत फार आवडते कारण दात घासायचं कुणी विसरत नाही. याशिवाय चीनमधून आलेलं ताई ची, त्यात भार सावकाश एका पायावरून दुसऱ्यावर नेतात, त्यानेही फायदा होतो.

किती करायचं

कॉक्रेन ही संस्था एकाच विषयावरच्या सगळ्या चाचण्या गोळा करून एकत्र तपासते, तिच्या २०१९ च्या आढाव्यात १०८ चाचण्या आणि २३ हजारांवर माणसं होती, त्यात व्यायामाने पडण्याचं प्रमाण एकूण २३ टक्क्यांनी कमी झालं, आणि तोलाबरोबर ताकदीचे व्यायाम जोडले तिथे साधारण ३४ टक्क्यांनी. जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून सांगते की ६५ च्या पुढच्यांनी आठवड्यातून किमान ३ दिवस तोल आणि ताकद यांवर भर देणारे व्यायाम करावेत. एकदम तीन तासांचं ठरवून आठ दिवसांत सोडून देण्यापेक्षा रोज दहा मिनिटं बरी, आणि बंद केलं की फायदा ओसरतो म्हणून हे कोर्ससारखं संपत नाही.

स्वतःला तपासायचं तर दोन चाचण्या सोप्या. खुर्चीतून उठून ३ मीटर चालत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, याला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर धोका आहे असं समजतात. दुसरी, हात छातीशी घेऊन ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता येतं, ६५ ते ६९ च्या पुरुषांत १२ पेक्षा आणि बायकांत ११ पेक्षा कमी आलं तर कमी, ८० ते ८४ मध्ये हेच आकडे १० आणि ९. दोन्ही वेळा शेजारी कुणीतरी उभं असू द्या.

आधी काय बघायचं

उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, गेल्या वर्षात दोनदा पडलं असेल, शुद्ध हरपून पडलं असेल, छातीत दुखत असेल, तर व्यायामाआधी डॉक्टर. झोपेच्या गोळ्या, बीपीच्या, नैराश्याच्या काही गोळ्या यांनी तोल जाऊ शकतो, पण त्या मनाने बंद करायच्या नाहीत, सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन डॉक्टरांकडे जायचं आणि एकेक दाखवायची. झोपेतून उठल्यावर बीपी उतरत असेल तर आधी काठावर मिनिटभर बसून पाय हलवायचे. दोन नंबरांचा चष्मा जिना उतरताना फसवतो, खालची पायरी वाचायच्या भिंगातून धूसर दिसते, ज्यांचं बाहेर फिरणं जास्त आहे त्यांनी त्यासाठी एकाच नंबरचा चष्मा वेगळा करून घ्यावा. पार्किन्सन किंवा पक्षाघात झालेल्यांनी फिजिओथेरपिस्टशिवाय सुरुवात करू नये.

आणि पडल्यावर उठणं, हे तर शिकवलंच जात नाही. एकटी राहणारी माणसं हाड न मोडताही तासन् तास जमिनीवर पडून राहतात, फक्त उठायचं कसं हे न सुचल्याने, आणि त्यातून पुढे बरेच त्रास होतात. पडल्यावर लगेच उठायची धडपड करायची नाही, आधी श्वास घ्यायचा, कुठे दुखतंय बघायचं. खुब्यात कळ असेल, पाय हलत नसेल, डोकं आपटलं असेल तर हलायचं नाही, हाक मारायची, फोन करायचा, अंगावर जे हाताला लागेल ते ओढून घ्यायचं. ठीक वाटलं तर कुशीवर वळायचं, कोपरावर अंग उचलून हातागुडघ्यांवर यायचं, रांगत भक्कम खुर्चीपाशी जायचं, दोन्ही हात बैठकीवर ठेवायचे, ज्या पायात जास्त जोर आहे तो पुढे आणून पाऊल जमिनीवर टेकवायचं, हात आणि पाय दोन्हींनी रेटा देत वर यायचं, वळून खुर्चीत बसायचं आणि धाप जाईपर्यंत बसूनच राहायचं. अंगात बरं असताना, गादीवर, कुणाला तरी शेजारी घेऊन याची एकदा-दोनदा तालीम करून ठेवावी.