कोकण किनारपट्टीतील लोकसभा मतकल

कोकण किनारपट्टीतील लोकसभा मतकल : रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या तीन जिल्ह्यांतील मतदारांनी १९५२ पासून लोकसभेच्या निवडणुकांत कोणत्या पक्षाला साथ दिली आणि ती केव्हा व का काढून घेतली, याचा इतिहास. देशात लाट एका पक्षाची आणि कोकणात खासदार दुसऱ्याच पक्षाचा, असे येथे अनेकदा झाले आहे. त्यावरून कोकणी मतदार मुळातच उफराटा, अशी एक समजूत रूढ झाली. निकाल ओळीने मांडून पाहिले तर ती टिकत नाही. मतदार माणसाला आणि चळवळीला धरून राहिला, पक्षांची नावे, चिन्हे आणि युत्या मात्र त्याच्या डोळ्यांदेखत बदलत गेल्या, असेच बहुतेक वेळा दिसते.

या निकालांची तुलना करताना मतदारसंघांच्या सीमांचे भान ठेवावे लागते. २००४ पर्यंत कुलाबा (रायगड जिल्ह्याचे जुने नाव), रत्नागिरी आणि राजापूर हे येथील तीन मतदारसंघ होते. २००८ च्या पुनर्रचनेत त्यांची मोडतोड झाली. पनवेल, उरण आणि कर्जत हे विधानसभा मतदारसंघ घाट ओलांडून पिंपरी-चिंचवडबरोबर मावळात गेले. पेण, अलिबाग, श्रीवर्धन व महाड यांना दापोली आणि गुहागर जोडून रायगड मतदारसंघ झाला. उरलेल्या भागाचा रत्नागिरी-सिंधुदुर्ग झाला. त्यामुळे ‘रायगडने २००९ मध्ये कौल बदलला’ असे विधान ढोबळ ठरते, कारण मतदारच अंशतः बदलले होते.

पहिल्या निवडणुकीत कुलाब्यातून काँग्रेसचे चिंतामणराव देशमुख निवडून आले. ते केंद्रीय अर्थमंत्री होते. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि १९५७ ची निवडणूक संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनावरच लढली गेली. कुलाबा शेतकरी कामगार पक्षाकडे (शेकाप) गेला, राजापूर प्रजा समाजवादी पक्षाकडे आणि रत्नागिरी जनसंघाकडे. जनसंघाने त्या वर्षी देशभरात अवघ्या चार जागा जिंकल्या, त्यांतली एक रत्नागिरीची, प्रेमजी आसर यांची. लाल बावटेवाले, समाजवादी आणि जनसंघीय शेजारशेजारच्या मतदारसंघांतून एकाच मागणीसाठी दिल्लीला गेले. ती मते विचारसरणीची नव्हती, मुंबईची होती. १९६२ मध्ये महाराष्ट्र राज्य झालेले होते. कुलाबा आणि रत्नागिरी काँग्रेसकडे परतले.

राजापूर मात्र परतले नाही. वेंगुर्ल्याचे बॅ. नाथ पै तेथून १९५७, १९६२ आणि १९६७ असे तीनदा निवडून आले. जानेवारी १९७१ मध्ये त्यांचे निधन झाले. काही आठवड्यांतच आलेल्या निवडणुकीत मधु दंडवते उभे राहिले : जन्म अहमदनगरचा, मुंबईत भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, म्हणजे तळकोकणाच्या हिशेबाने बाहेरचे. त्या वर्षी इंदिरा गांधींच्या लाटेत काँग्रेसने महाराष्ट्रातल्या ४५ पैकी ४२ जागा घेतल्या. उरलेल्या तिनांत राजापूर होते. पुढे १९७७, १९८०, १९८४ आणि १९८९ मध्येही दंडवतेच निवडून आले. या काळात त्यांचा पक्ष प्रजा समाजवादी, मग जनता पक्ष, मग जनता दल असा बदलला आणि मतदारांना त्याचे सोयरसुतक नव्हते. १९९१ मध्ये काँग्रेसच्या सुधीर सावंत यांनी दंडवत्यांचा पराभव केला. कोकण रेल्वेसाठी आयुष्यभर झटलेल्या या माणसाचा पराभव कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाल्याच्या पुढच्याच वर्षी व्हावा, याची हळहळ सिंधुदुर्गातले जुने समाजवादी अजून व्यक्त करतात.

कुलाब्याची तऱ्हा वेगळी. तेथे दीर्घकाळ शेकाप आणि काँग्रेस यांची आलटून पालटून फेरी चालली. १९७७ मध्ये शेकापचे दि. बा. पाटील जिंकले, १९८० मध्ये काँग्रेस, १९८४ मध्ये पुन्हा दि. बा., त्यानंतर सलग तीनदा काँग्रेसचे बॅ. अ. र. अंतुले, १९९८ व १९९९ मध्ये शेकापचे रामशेठ ठाकूर आणि २००४ मध्ये परत अंतुले. शेकापची मुळे स्वातंत्र्यापूर्वीच्या शेतकरी चळवळीत आहेत. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने खोतांविरुद्ध १९३३ पासून सहा वर्षे संप चालला होता. वडील लाल बावट्याचे म्हणून मुलगाही लाल बावट्याचा, अशी घरे अलिबाग-पेणकडे बरीच होती.

यांतली १९८४ ची निवडणूक बारकाईने पाहण्यासारखी आहे. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या सहानुभूतीत काँग्रेसने राज्यातल्या ४८ पैकी ४३ जागा जिंकल्या. बिगरकाँग्रेसी पाच जागांपैकी दोन, राजापूर आणि कुलाबा, या किनाऱ्यावरच्या. रत्नागिरी लाटेत वाहून गेली. कुलाबा का वाचला, याचे उत्तर उरण तालुक्यात आहे. नवी मुंबईसाठी सिडकोने घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यावरून त्याच वर्षी जानेवारीत जासई परिसरात आंदोलन पेटले, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. नेते दि. बा. होते. डिसेंबरात मतदान करताना आगरी-कोळी शेतकऱ्यासमोर पंतप्रधानांच्या हत्येइतकाच हा गोळीबारही ताजा होता. विकसित जमिनीपैकी साडेबारा टक्के परत देण्याची योजना याच लढ्यातून आली. सीमा बदलल्यावर उरण-पनवेल मावळात गेले आणि रायगडात शेकापला एकट्याच्या बळावर खासदार निवडून आणणे अवघड झाले.

१९९६ मध्ये रत्नागिरीतून अनंत गीते आणि राजापुरातून सुरेश प्रभू असे शिवसेनेचे दोन खासदार झाले, ते २००४ पर्यंत प्रत्येक निवडणूक जिंकत गेले. हा पालट एका निवडणुकीतला नाही. रत्नागिरी जिल्ह्यातला तरुण पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत जात होता, घर मनिऑर्डरीवर चाले. १९६६ मध्ये स्थापन झालेली शिवसेना त्याला लालबाग-परळच्या शाखेत भेटली. गिरण्यांत त्याची युनियन लाल बावट्याची किंवा काँग्रेसची असू शकत होती, पण मुलाची नोकरी, दवाखाना, नळाचे पाणी ही कामे शाखेतून होत. १९८२ च्या संपाने गिरणगाव मोडले आणि अनेक चाकरमानी गावी परतले. गणपतीला, शिमग्याला येताना त्यांनी शाखाही वाडीत आणली. नारायण राणे याच वाटेचे : चेंबूरचे शाखाप्रमुख, मुंबईचे नगरसेवक आणि १९९० मध्ये मालवणचे आमदार. लोकसभेत समाजवादी गड पडण्याआधी विधानसभेत भगवा आलेला होता.

राण्यांनी २००५ मध्ये शिवसेना सोडून काँग्रेस धरली. २००९ मध्ये त्यांचे पुत्र नीलेश राणे यांनी काँग्रेसतर्फे प्रभूंना हरवले. २०१४ मध्ये शिवसेनेच्या विनायक राऊत यांनी नीलेश राणे यांचा सुमारे दीड लाख मतांनी पराभव केला. मोदी लाट होतीच, पण आघाडीतल्या राष्ट्रवादीचे सावंतवाडीचे आमदार दीपक केसरकर यांनी राण्यांचा प्रचार करायला नकार दिला होता. २०१९ मध्ये राऊत पुन्हा जिंकले. नीलेश राणे त्या वेळी महाराष्ट्र स्वाभिमान पक्षाचे होते. पक्षांतराची ही तऱ्हा तळकोकणापुरती नाही. पालघरला राजेंद्र गावित २०१८ च्या पोटनिवडणुकीत भाजपचे, तर वर्षभराने शिवसेनेचे खासदार झाले.

रायगडात सलग तीन निवडणुका गीते विरुद्ध राष्ट्रवादीचे सुनील तटकरे अशाच झाल्या. २०१४ मध्ये गीते २,११० मतांनी निवडून आले. शेकापच्या उमेदवाराने लाखाहून जास्त मते घेतली होती आणि तटकरे यांच्याच नावाच्या एका अपक्षाला या फरकाच्या कितीतरी पट मते पडली. २०१९ मध्ये शेकाप तटकरे यांच्या बाजूला आला आणि ते ३१ हजारांवर मतांनी जिंकले. मतदाराने पाच वर्षांत मत बदलले असे म्हणण्यापेक्षा रिंगणातली गर्दी बदलली म्हणावे. २०२४ मध्ये शेकाप गीत्यांकडे गेला, तरी तटकरे यांचे मताधिक्य वाढून ८२ हजारांवर पोहोचले. सहापैकी गुहागर वगळता पाच आमदार त्यांच्या बाजूचे होते. शेकापचे वजन किती घटले, याचा हा हिशेब आहे. देशभरात अजित पवारांच्या राष्ट्रवादीला मिळालेली ही एकमेव जागा.

२०२४ चे मतदान कोकणात ७ मे रोजी, आंब्याच्या हंगामात झाले. मुंबईचे २० मे रोजी. शिवसेना फुटलेली होती आणि महायुतीत रायगड आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग या दोन्ही जागा एकनाथ शिंदे यांच्या पक्षाकडे नव्हत्या. त्यामुळे पाच वर्षांपूर्वी दोन्हीकडे असलेला धनुष्यबाण मतदानयंत्रावर एकाही जागी नव्हता. एकीकडे उद्धव ठाकरे यांच्या पक्षाची मशाल, दुसरीकडे तटकऱ्यांचे घड्याळ किंवा भाजपचे कमळ. रत्नागिरी-सिंधुदुर्गात नारायण राणे ४७,८५८ मतांनी जिंकले. या मतदारसंघात भाजपचा हा पहिलाच विजय. मतदारसंघ जिल्ह्याच्या सीमेवर दुभंगला होता : कणकवली, कुडाळ, सावंतवाडीने राण्यांना आघाडी दिली, चिपळूण, रत्नागिरी, राजापूरने राऊतांना. नोव्हेंबरच्या विधानसभा निवडणुकीत धनुष्यबाण यंत्रावर परत आला आणि या सहाही जागा महायुतीने घेतल्या. रत्नागिरी, राजापूर, कुडाळ व सावंतवाडी या चार जागा त्याच चिन्हावर. कुडाळचे विजयी उमेदवार नीलेश राणे होते, या खेपेस शिंदे यांच्या शिवसेनेचे. दोन्ही जिल्ह्यांत मशाल एका गुहागरात टिकली. तेथील आमदार भास्कर जाधव हे स्वतः शिवसेनेतून राष्ट्रवादीत आणि तेथून २०१९ मध्ये पुन्हा शिवसेनेत आलेले आहेत.