रब्बी ज्वारीची खतमात्रा ओलीवरून कशी ठरत गेली

सोलापूर जिल्ह्यात रब्बी ज्वारीला खत किती द्यायचे, याचे उत्तर रानाची माती किती खोल आहे यावर अवलंबून असते. परतीचा पाऊस थांबला की पुढचे चार महिने पीक जमिनीत मुरलेल्या ओलीवरच उभे राहते. माती जितकी खोल, तितकी ती ओल जास्त, आणि खताचा हिशोबही त्या ओलीशीच बांधलेला आहे.

१९२३ मध्ये पुण्याजवळ मांजरीला कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले आणि १९३३ मध्ये सोलापूरला केंद्र आले. तेव्हा भर होता तो बांधबंदिस्ती, शेणखत, रुंद ओळी, विरळ पेरणी आणि पुन्हापुन्हा कोळपणी यांवर, म्हणजे ओल धरून ठेवण्यावर. त्याच दशकात मोहोळच्या केंद्रातून मालदांडी ३५-१ हे निवड वाण आले. उंच ताट (ज्वारीचे खोड), भरपूर कडबा, टपोरा शुभ्र दाणा आणि ताण सोसण्याची ताकद हे त्याचे गुण. जास्त नत्र (नायट्रोजन) पडले की मात्र हे उंच ताट लोळते.

१९६४ मध्ये सीएसएच-१ हा पहिला संकरित वाण आला. बुटका, लवकर येणारा आणि खताला भरघोस प्रतिसाद देणारा. खरिपात त्याने उत्पादन वाढवले आणि ‘खत वाढवा, उतारा वाढेल’ हा समजही रुजवला. रब्बीत मात्र संकरित वाणांचा जम बसला नाही. भाकरीची चव आणि कडबा यांत ते मालदांडीपुढे कमी पडले, शिवाय खोडमाशी ही कीड होतीच.

नत्र वाढवले की ज्वारी सुरुवातीला काळीशार, पानाळ दिसते. रान पाहून मन भरते. पण ती पाने ओल झपाट्याने ओढतात आणि दाणा भरायच्या वेळी जमीन कोरडी पडते. मग खडखड्या हा रोग येतो: ताट बुडाशी पोकळ होते, चिरून पाहिले तर आत काळपट धागे दिसतात, कणीस हलके राहते.

म्हणूनच १९६८ मध्ये राहुरीला कृषी विद्यापीठ झाल्यानंतर पुढे वाण आणि मात्रा दोन्ही मातीच्या खोलीप्रमाणे वेगळ्या झाल्या. हलक्या, म्हणजे उथळ मातीच्या रानाला फुले अनुराधा आणि हेक्टरी २५ किलो नत्र, म्हणजे एकरी युरियाची जेमतेम अर्धी गोणी. मध्यम जमिनीला फुले सुचित्रा, ४० किलो नत्र व २० किलो स्फुरद (फॉस्फरस). भारी, म्हणजे खोल काळ्या रानाला फुले वसुधा, ६० व ३० किलो. जिराईत, म्हणजे कोरडवाहू पिकाला हे सगळे खत पेरणीलाच, दोन चाड्यांच्या पाभरीने (बी आणि खत वेगवेगळे पेरणाऱ्या अवजाराने), बियाण्याच्या खाली ओलीत पडले पाहिजे. महिन्याभराने वरून फेकलेला युरिया कोरड्या ढेकळांवर तसाच पडून राहतो.

‘ज्वारीला खत लागतच नाही’ हे जुने मतही मला तितकेच घातक वाटते. कडब्यासकट पीक दरवर्षी रानाबाहेर जाते आणि शेणखत कमी होत चालले आहे. हलक्या रानातही ती अर्धी गोणी चुकवू नये.

उजनी धरणाच्या पाण्यावर भिजणाऱ्या बागायती रानाचा हिशोब वेगळा. तिथे भारी जमिनीत फुले रेवतीला हेक्टरी १०० किलो नत्र आणि ५०-५० किलो स्फुरद व पालाश (पोटॅश) चालते. त्यातले अर्धे नत्र पेरणीला आणि उरलेले महिन्याने पाण्यासोबत. शेजारच्या बागायतदाराची ही मात्रा पाहून मंगळवेढ्याच्या जिराईत मालदांडीला तेवढाच युरिया टाकला, तर खडखड्याला आपणच वाट करून दिली असे होते.