जपमाळ, ख्रिस्ती

जपमाळ, ख्रिस्ती : रोमन कॅथलिक परंपरेतील, मण्यांवर मोजून म्हणावयाची प्रार्थना व ती ज्या माळेवर म्हणतात ती माळ, या दोहोंसाठी हा शब्द योजतात. मराठी कॅथलिकांच्या बोलण्यात ‘रोजरी’, तर गोमंतकात ‘तेर्स’ हा शब्द अधिक रूढ आहे. मिस्सा (प्रभुभोजनाचा मुख्य उपासनाविधी) किंवा संस्कार यांप्रमाणे ती चर्चच्या अधिकृत उपासनाविधीत मोडत नाही. तिची गणना लोकभक्तीत होते. तरीही सामान्य श्रद्धावंताच्या रोजच्या धर्मजीवनाला वळण देण्यात मिस्सेखालोखाल तिचाच वाटा असावा. ती म्हणण्यास धर्मगुरू लागत नाही, वेदी लागत नाही, वाचताही यावे लागत नाही.

नेहमीच्या माळेत ५९ मणी असतात. लोंबत्या भागात क्रूस, एक मोठा मणी, तीन लहान व पुन्हा एक मोठा. गोलाकार भागात दहा-दहा लहान मण्यांची पाच ‘दशके’ व त्यांच्यामध्ये चार मोठे मणी. क्रूसावर प्रेषितांचा मतांगीकार, मोठ्या मण्यावर प्रभूची प्रार्थना, लहान मण्यावर ‘नमो मारिया’ (येशूची माता मारिया हिला उद्देशून म्हणावयाची प्रार्थना) आणि दशकाच्या शेवटी त्रैक्याची स्तुती असा क्रम असतो. प्रत्येक दशकाबरोबर येशूच्या वा मारियेच्या जीवनातील एका प्रसंगाचे, म्हणजे ‘रहस्या’चे, चिंतन करावयाचे असते. पाच दशकांना साधारणतः १५ ते २० मिनिटे लागतात.

उत्पत्तीचा प्रश्न : प्रार्थना मोजण्याची प्रथा जपमाळेहून पुष्कळ जुनी आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटातील पॉल नावाचा एक तपस्वी दिवसाला ३०० प्रार्थना म्हणे व त्यासाठी ३०० खडे जवळ बाळगून एकेका प्रार्थनेगणिक एकेक खडा टाकून देई, असा वृत्तांत पॅलेडियसने दिला आहे. पश्चिम यूरोपात मोजणीला चालना मिळाली ती स्तोत्रसंहितेमुळे. मठवासी १५० स्तोत्रे लॅटिनमध्ये म्हणत. ज्यांना लॅटिन येत नसे अशा कामकरी मठबंधूंना त्याऐवजी तितक्याच वेळा प्रभूची प्रार्थना म्हणण्याची मुभा असे. त्यासाठी जी दोऱ्यात ओवलेली माळ वापरीत, तिला त्या प्रार्थनेच्या पहिल्या दोन लॅटिन शब्दांवरून ‘पातेरनोस्तेर’ म्हणत. इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीच्या गोडायव्हा या उमराव स्त्रीने मृत्युसमयी आपली रत्नांची प्रार्थनामाळ मारियेच्या मूर्तीला अर्पण केल्याचे बाराव्या शतकातील इतिहासकार माम्झबरीचा विल्यम सांगतो. तेराव्या शतकात पॅरिसमध्ये अशा माळा घडविणाऱ्या कारागिरांचे, हाड, पोवळे, अंबर अशा मालानुसार, वेगवेगळे संघ होते. माळ ‘नमो मारिया’च्या आधीची आहे, एवढे यावरून निश्चित होते.

‘नमो मारिया’चा पूर्वार्ध ‘लूक’ या शुभवर्तमानातील दोन वचने जोडून झाला आहे : देवदूताचे अभिवादन (१:२८) आणि एलिझाबेथचे आशीर्वचन (१:४२). स्वतंत्र भक्तिपर प्रार्थना म्हणून या जोडीचा प्रसार अकराव्या-बाराव्या शतकांपासून दिसतो. पॅरिसचा बिशप ओदो द स्युली याने ११९८ च्या सुमारास प्रभूची प्रार्थना व मतांगीकार यांच्या जोडीने ती लोकांना शिकविण्याचा आदेश दिला. त्यात येशूचे नाव घालण्याचे श्रेय पोप चौथा अर्बन याला देतात, पण त्याचा आधार कच्चा आहे. ‘आम्हा पाप्यांसाठी विनंती कर’ हा उत्तरार्ध निरनिराळ्या रूपांत चालत होता. त्याला आजचे रूप १५६८ च्या रोमन प्रार्थनाग्रंथाने दिले. म्हणजे पंधराव्या शतकातील भक्त जी ‘नमो मारिया’ म्हणत, ती आजच्या निम्म्याएवढीच होती.

डॉमिनिकन संघाचा संस्थापक संत डॉमिनिक याला १२०८ मध्ये दक्षिण फ्रान्समधील प्रूई येथे मारियेने दर्शन देऊन जपमाळ दिली व तिच्या बळावर त्याने आल्बिजेन्सियन पाखंडाला (तेथील चर्चविरोधी पंथाला) तोंड दिले, ही कथा सर्वश्रुत आहे. ती आज आहे त्या रूपात ब्रिटनीचा डॉमिनिकन प्रवचनकार आलां द ला रोश (सु. १४२८–७५) याच्यापासून पुढे येते. डॉमिनिकनंतर अडीच शतकांनी लिहिणाऱ्या आलांने स्वतःच्या दृष्टांतांचा हवाला दिला. ज्या जुन्या लेखकांची नावे त्याने साक्षीला काढली, ते बहुधा कधीच अस्तित्वात नव्हते. डॉमिनिकच्या तेराव्या शतकातील चरित्रांत जपमाळेचा उल्लेख नाही. संतपद देण्यापूर्वी १२३३ मध्ये ज्यांच्या साक्षी नोंदविल्या गेल्या, ते त्याचे निकटचे सहकारी. पण तेही याबाबत गप्प आहेत. बोलांडिस्ट (संतचरित्रांची चिकित्सा करणाऱ्या येशूसंघीय) संशोधकांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात हे मौन दाखवून दिले. (त्याने चित्रकारांचे काही अडले नाही. १७३७–३९ मध्ये टीएपोलो व्हेनिसच्या चर्चच्या छतावर डॉमिनिक जपमाळ वाटत असल्याचे भव्य चित्र रंगवीत होता.) विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज येशूसंघीय हर्बर्ट थर्स्टन याने सगळा पुरावा नव्याने तपासला, तेव्हापासून डॉमिनिकचे कर्तृत्व अभ्यासकांत मागे पडले. डॉमिनिकन लेखकांपैकी काहींनी कथेतील ऐतिहासिक गाभा वाचविण्याचा प्रयत्न केला. पोप तेरावा लिओ याने तर १८८३ च्या परिपत्रात ती गृहीतच धरली आहे.

त्याऐवजी आता सर्वसाधारणपणे मान्य होणारे मत असे : जपमाळ कोणी एकाने शोधलेली नसून तीन प्रवाह हळूहळू एकत्र आले. मोजणीची माळ हा पहिला, दशकांची विभागणी हा दुसरा व चिंतन हा तिसरा. १५० ‘नमो मारियां’चे दहा-दहांचे गट पाडून मध्ये प्रभूची प्रार्थना घालण्याचे श्रेय कार्थूसियन संघाचा काल्कारचा हेन्री (१३२८–१४०८) याला देतात. चिंतनाची जोड त्रीर येथील कार्थूसियन मठात मिळाली, असे बराच काळ मानले जाई. तेथील प्रशियाचा डॉमिनिक (१३८४–१४६०) याने ५० ‘नमो मारियां’पैकी प्रत्येकीच्या अखेरीस, येशूच्या नावानंतर, त्याच्या जीवनातील एकेक प्रसंग सांगणारे छोटे वाक्य जोडले. दोघांचे नाव एकच असल्यामुळे पुढे याचे श्रेय संस्थापक डॉमिनिकच्या पदरी पडले असावे, असा तर्क केला जातो. तो आकर्षक असला, तरी सिद्ध करता येत नाही. १९७७ मध्ये आंद्रेआस हाइन्झ याने त्रीर परिसरातीलच एका सिस्टर्शियन भगिनींच्या मठातील सु. १३०० चे हस्तलिखित पुढे आणले, त्यात अशाच धर्तीची वाक्ये आहेत. त्यामुळे या प्रथेचा काळ शंभरेक वर्षे मागे जातो व प्रशियाच्या डॉमिनिकला आद्यप्रवर्तक न म्हणता प्रसारक म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते.

ख्रिस्ती माळ पूर्वेकडून आली काय, हा वेगळा प्रश्न आहे. जर्मन भारतविद्यातज्ज्ञ आल्ब्रेख्ट वेबर याने तिचे मूळ भारतीय जपमाळेत शोधले. त्याची भिस्त मुख्यतः शब्दसाम्यावर होती. धर्मयुद्धांतून परतलेल्यांनी मुस्लिमांची तसबीह पाहून ती आणली, असेही सांगतात; पण गोडायव्हाची माळ पहिल्या धर्मयुद्धाआधीची आहे. मोजण्यासाठी दोऱ्यात मणी ओवण्याची युक्ती निरनिराळ्या समाजांना स्वतंत्रपणे सुचली असावी, हे मानणे बरे.

बंधुसंघ व पंधरा रहस्ये : आलांचा खरा वाटा संघटनेचा आहे. त्याने १४७० मध्ये दूए येथे भक्तांचा बंधुसंघ उभारला व याकोप श्प्रेंगर याने ८ सप्टेंबर १४७५ रोजी कोलोन येथे तशीच संस्था स्थापली. तिला वर्गणी नव्हती. वहीत नाव नोंदवावयाचे आणि आठवड्यातून तीनदा पन्नास ‘नमो मारियां’ची पन्नाशी पुरी करावयाची. राहून गेली, तर पाप लागत नसे. स्त्रिया व गरीब यांना प्रवेश होताच, मृतांचीही नावे घालता येत. सम्राट तिसरा फ्रीड्रिख सभासद होता. काही वर्षांतच सभासद लाखावर गेल्याचा दावा समकालीन लेखनात आढळतो. तो फुगविलेला असला, तरी प्रसाराचा झपाटा त्यातून कळतो.

पन्नास वाक्ये पाठ करणे निरक्षरांना जड जाई. १४८३ मध्ये उल्म येथे छापलेल्या जर्मन पुस्तकात काष्ठठशांची पंधरा चित्रे देऊन प्रत्येक दशकासाठी एक चित्र नेमून दिले. चित्र डोळ्यांपुढे धरावे व दहा मणी फिरवावे, ही आजची पद्धत तेथून दिसू लागते. त्या पुस्तकातील पंधरावे चित्र अंतिम न्यायाचे होते; मारियेचा राज्याभिषेक हे स्वतंत्र पंधरावे रहस्य नंतर स्थिर झाले. जर्मनभाषक प्रदेशांत येशूच्या नावानंतर प्रसंगवाक्य म्हणण्याची जुनी चाल अजूनही टिकून आहे.

पोप पाचवा पायस याने १५६९ च्या आज्ञापत्राने हे रूप मान्य केले. ७ ऑक्टोबर १५७१ रोजी लेपांटोच्या आरमारी लढाईत तुर्कांचा पराभव झाला, त्याच दिवशी रोममध्ये बंधुसंघांच्या मिरवणुका निघाल्या होत्या. विजयाचे श्रेय जपमाळेला दिले गेले. तेराव्या ग्रेगरीने १५७३ मध्ये जपमाळेचा सण नेमला आणि अकराव्या क्लेमेंटने १७१६ मध्ये तो सर्व चर्चला लागू केला. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना ठरला तो तेराव्या लिओच्या काळात.

आनंदाची, दुःखाची व गौरवाची अशी पंधरा रहस्ये चारशेहून अधिक वर्षे कायम होती. पोप दुसरा जॉन पॉल याने १६ ऑक्टोबर २००२ रोजी त्यांत प्रकाशाच्या पाच रहस्यांची ऐच्छिक भर घातली. येशूचा बाप्तिस्मा ते शेवटचे भोजन असा सार्वजनिक कार्याचा काळ तोवर सुटलाच होता. माल्टाचा जॉर्ज प्रेका याने १९५७ मध्ये अशीच रहस्ये सुचविली होती. १५० चे २०० झाल्याने स्तोत्रसंहितेशी असलेला मूळ मेळ तुटतो, असा आक्षेप परंपरानिष्ठांनी घेतला. त्यांचे गणित बिनचूक आहे. मात्र, चिंतनाचा विषय म्हणून नवी रहस्ये शुभवर्तमानाला अधिक धरून आहेत. सध्या सोमवारी व शनिवारी आनंदाची, मंगळवारी व शुक्रवारी दुःखाची, बुधवारी व रविवारी गौरवाची आणि गुरुवारी प्रकाशाची रहस्ये घेतात.

दैनंदिन आचरण : पुनरुक्ती यांत्रिक होते, ही टीका प्रॉटेस्टंट सुधारकांनी केली. कॅथलिक धर्माधिकाऱ्यांनाही तो धोका ठाऊक होता. चिंतनाविना जपमाळ म्हणजे आत्म्याविना शरीर, असे सहाव्या पॉलने १९७४ मध्ये बजावले. शब्द ओठांवर, मणी बोटांत व प्रसंग मनात, अशी तिहेरी गुंतवण तिच्यात अपेक्षित आहे. शब्दांकडे लक्ष कमी होणे हा तिच्या शिक्षकांच्या मते दोष नसून हेतूच आहे : जीभ आपले काम करीत राहते म्हणून मन प्रसंगाकडे मोकळे होते. त्यामुळे दळता-कांडता, वाटेने चालता, आजारपणात पडल्या पडल्या ती म्हणता येते.

फ्रान्समधील ल्याँ येथे पोलीन झारिको हिने १८२६ मध्ये सुरू केलेल्या ‘जिवंत जपमाळे’त पंधरा जणांचा गट करून प्रत्येकाला रोज एकच दशक दिले जाई, गिरणीकामगारालाही तेवढी सवड काढता येत असे. अमेरिकेत पॅट्रिक पेटन या धर्मगुरूने १९४२ पासून कुटुंबाने एकत्र म्हणावयाच्या जपमाळेची चळवळ चालविली.

दडपणाच्या काळात तिचे सुटसुटीतपण कामी आले. इंग्लंडमध्ये १५३८ पासून मण्यांवरील जपाला राजाज्ञेने विरोध होता. पण १५४५ मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोज’ या युद्धनौकेच्या अवशेषांत खलाशांच्या जपमाळा सापडल्या आहेत. १५७१ च्या कायद्याने पोपचा आशीर्वाद असलेले मणी देशात आणणे गुन्हा ठरला. आयर्लंडमध्ये बाहीत लपविता येईल अशी, एकाच दशकाची माळ प्रचारात होती.

मणी : लाकूड, हाड, पोवळे, काच व बिया यांचे मणी आढळतात. मध्ययुगात बाल्टिक किनाऱ्यावरील अंबर ट्यूटॉनिक सरदारांच्या मक्तेदारीत होते व ब्रूगे आणि ल्यूबेक येथील माळकारांकडे जाई. ‘जॉबचे अश्रू’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गवताचे टणक, चकचकीत दाणे आशियात व अन्यत्र वापरतात. त्यांना निसर्गतःच आरपार भोक असते.

गोवा, वसई व मुंबई : जुन्या गोव्यातील जपमाळेच्या मातेचे चर्च १५४४–४९ मध्ये, गोवा जिंकणारा पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्क याच्या १५१० मधील नवसानुसार बांधल्याचे सांगतात. डॉमिनिकन १५४८ मध्ये गोव्यात आले. फादर टॉमस स्टीफन्स याची कोकणीतील प्रश्नोत्तरी धर्मशिकवण त्याच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये रायतूर येथे छापली गेली. तीत ‘नमो मारिया’ देशी भाषेत मिळते. गोव्यातील घरांतून सायंघंटेनंतर तेर्स म्हणतात व तो संपला की मुले हात जोडून वडीलधाऱ्यांकडे ‘बेसांव’, म्हणजे आशीर्वाद, मागतात.

वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकल्यावर यूरोपीय धर्मगुरू निघून गेले व देशी धर्मगुरूंवर भार पडला. या काळात घरच्या प्रार्थनेचे महत्त्व वाढले असावे. वसईतील कुपारी कुटुंबांत बोलणे सामवेदी बोलीत, पण जपमाळ प्रमाण मराठीत, असा प्रकार दिसतो. ऑक्टोबरात मारियेची मूर्ती घरोघर फिरवितात व ज्या घरी ती असेल तेथे शेजारी जमतात. मुंबईत १८९६ च्या प्लेगच्या साथीत वांद्र्यासारख्या गावठाणांत रस्त्याकडेला क्रूस उभारले गेले. मे महिन्यात अशा क्रूसांना फुले वाहून जपमाळ व तिच्यानंतर ‘लदीन’ (आळीपाळीने म्हणावयाची विनवणीमाला) म्हणण्याची चाल तेथील ईस्ट इंडियन समाजात आहे.

अन्य पंथ : पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये ३३, ५० किंवा १०० गाठींची लोकरी दोरी असते व तिच्यावर ‘येशूची प्रार्थना’ म्हणतात, तिचा उगम स्वतंत्र आहे. अमेरिकेतील अँग्लिकनांत १९८० नंतर ३३ मण्यांची माळ प्रचारात आली. मराठी प्रॉटेस्टंट कुटुंबांत जपमाळ नाही. तेथे संध्याकाळची उपासना शास्त्रपाठ, उत्स्फूर्त प्रार्थना व गीते-अभंग यांवर आधारलेली असते.